पिस्तूल अडतंय, पण का? कॉम्पेन्सेटर, घरी भरलेली काडतुसं आणि एक 'फुस्स' आवाज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त शंभरेक 'म्हणजे' कापलेत. ऑडिओत मधेच धडधड ऐकू येते ती बेगडेवाडी स्टेशनवरून सुटणाऱ्या लोकलची. खोली रुळांना लागून आहे, इलाज नाही.

गेल्या पावसाळ्यात टेक्सासहून दादाचा मेसेज आला, "अरे, पिस्तूल सायकल होत नाहीये. वेळ आहे का?" मला वाटलं ऑटोकरेक्टने घोळ घातला, सायकल बिघडली असेल. मग व्हिडिओ आला. दादा रेंजवर उभा, पिस्तुलाच्या तोंडाशी एक चौकोनी ठोकळा लावलेला, एक गोळी सुटते आणि पिस्तूल अर्धवट उघडं राहून अडकतं. पुन्हा हाताने ओढतो, एक गोळी, पुन्हा अडकतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तळेगावात वाढला, आता तिकडे नोकरी. सुटीच्या दिवशी पिस्तुलाच्या स्पर्धा खेळतो. आपल्याकडे रेंजवर एका जागी उभं राहून नेम धरतात तशा नाहीत. धावत, वळत, आडोशामागून टार्गेट मारायची आणि डोक्यावर घड्याळ. मी इथे .22 चं स्पोर्ट पिस्तूल चालवतो, त्यामुळे त्याच्या हिशेबाने मी घरातला 'एक्स्पर्ट'. खरं तर आमचे दोन खेळ एकमेकांचे चुलतभाऊसुद्धा नाहीत. पण यंत्र अडतं त्याची कारणं दोन्हीकडे सारखीच असतात. त्या तीन आठवड्यांत व्हॉइस नोटवर जे शोधलं तो आजचा भाग.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणारे असतातच. दादाच्या देशात स्वतःच्या वापरासाठी काडतुसं घरी भरणं हा गॅरेजमधला कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा या शब्दात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात, आणि कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय ते बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आपल्या लोकलने पुण्याकडे जाताना खडकी लागतं ना, तिथली दारूगोळा फॅक्टरी 1869 पासूनची आहे. काडतुसं भरायचं काम आपल्याकडे अशा ठिकाणचं. म्हणून या भागात कुठल्या पावडरचं किती माप असलं काही मिळणार नाही. यंत्र कसं विचार करतं ते मिळेल.

तर 'सायकल होणं' म्हणजे काय? सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात एक गोळी सुटली की पुढची आपोआप जागेवर येते. हे 'आपोआप' फुकट होत नाही. काडतूस चार गोष्टींचं: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत पावडर, वर शिशाची गोळी. प्रायमरवर ठोका बसला, पावडर जळली, वायू तयार झाला. त्या वायूने गोळी पुढे ढकलली आणि तेवढ्याच जोराने पुंगळीला मागे ढकललं. या मागच्या धक्क्यातूनच पिस्तुलाला सगळी कामं करून घ्यायची असतात. वरची स्लाइड मागे न्यायची, रिकामी पुंगळी खेचून बाहेर फेकायची, ट्रिगरची कळ पुन्हा ताणायची, स्प्रिंग दाबायची. मग ती दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते आणि येता येता मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

म्हणजे बघा, हे एक बँक खातं आहे. जमेला एकच एंट्री, मागचा धक्का. खर्चाला पाच-सहा. जमा कमी पडली किंवा खर्च वाढला, की कुठलातरी चेक बाउन्स होतो. कुठला बाउन्स झाला हे बघितलं की दुखणं कळतं.

माझ्या .22 मध्ये हिशेब सोपा आहे. तिथे मागचा भाग नळीला कुलूप लावून धरलेला नसतो, नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगने आवरलेला असतो. दादाचं 9 मिलिमीटरचं पिस्तूल वेगळं. त्यात नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात. धक्का बसला की दोघी मिळून काही मिलिमीटर मागे सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. जॉन ब्राउनिंगची ही युक्ती, शंभर वर्षांहून जुनी. आजची बहुतेक मोठी पिस्तुलं तिच्यावरच चालतात. म्हणजे धक्क्याला आधी नळीचंही वजन ओढावं लागतं. हे लक्षात ठेवा, कारण दादाने नेमका इथेच घोळ घातला होता.

त्याने नळीच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर बसवला. तिकडे लाडाने 'कॉम्प' म्हणतात. जुन्या इंग्रजी गँगस्टर सिनेमात टॉमी गन बघितली असेल, 1928 च्या मॉडेलच्या नळीच्या टोकाला खाचा असलेला एक तुकडा असतो, तो कट्स कॉम्पेन्सेटर. काम तेच. गोळीमागून येणारा वायू वरच्या खाचांतून वर सोडायचा, म्हणजे त्याच्या उलट्या जोराने पिस्तुलाचं तोंड खाली दाबलं जातं. तोंड कमी उडालं की दुसरी गोळी लवकर मारता येते. स्पर्धेत याचे सेकंदाचे अंश मोजतात.

पण कॉम्प दोन बाजूंनी खातं पोखरतो. एक, नळीला जादा वजन लटकलं, ते स्लाइडला ओढावं लागतं. दोन, आतल्या भिंतींवर आदळणारा वायू नळीला पुढे ढकलतो, म्हणजे मागच्या धक्क्याच्या उलट दिशेला. जमा तीच, खर्च वाढला.

आपल्या घाटात बुलेट घेऊन फिरणाऱ्या पोरांना हे पटकन कळेल. कार्ब्युरेटरच्या जुन्या बुलेटला कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला आणि कार्ब्युरेटरला हात नाही लावला, तर कामशेतच्या चढावर गाडी फटफट करते. पाइपही बरा असतो आणि इंजिनही बरं असतं. जोडी जुळवलेली नसते, एवढंच.

आता दुसरा भाग, घरी भरलेली काडतुसं. दादा म्हणाला, "मी मुद्दाम सौम्य भरतोय, हाताला धक्का कमी." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. त्यांच्या खेळात काडतूस किमान किती जोराचं हवं याचं एक माप आहे, पॉवर फॅक्टर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांमध्ये सेकंदाला, भागिले हजार. 124 ग्रेनची गोळी 1,050 फुटांच्या वेगाने गेली तर 130.2. खालच्या पातळीला 125 लागतो. दादाने कडेकडेने 125 च्या जरा वर राहील असं भरलं होतं, आणि वर कॉम्प लावला होता.

गंमत अशी की कॉम्प वायूवर जगतो. मोठे कॉम्प लावलेली जी पिस्तुलं तुम्ही व्हिडिओत बघता ती वरच्या पातळीसाठी असतात. दादाच्या संघटनेत ती पातळी 165 ची आहे. तिथे पावडर जास्त, हळू जळणारी, त्यामुळे गोळी तोंडाशी पोचते तेव्हाही मागे भरपूर वायू दाबात असतो. सौम्य काडतुसात थोडीशी, झटकन जळणारी पावडर असते. गोळी कॉम्पपर्यंत येईतो वायूचा जोर बराच ओसरलेला असतो. म्हणजे कॉम्पचा फायदा धड मिळत नाही, वजनाचा तोटा मात्र पूर्ण. दादाने दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या आणि दोन्हींचा वाईट भाग पदरात पाडून घेतला. मी हे सांगितल्यावर तिकडून बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि शेवटी फक्त एक अंगठा आला.

पण हे सगळं अंदाज झाले. मी त्याला म्हटलं, "दादा, तू आधी एकही स्क्रू फिरवू नकोस. अडलेल्या पिस्तुलाचे फोटो काढ. प्रत्येक वेळी कसं अडलंय ते मला दाखव."

अडण्याचे प्रकार असतात, आणि प्रत्येक प्रकार वेगळी गोष्ट सांगतो. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली, चुलीच्या धुराड्यासारखी, तर स्लाइड पुरेशी मागे गेली नाही, किंवा पुंगळी धरणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, ढिला किंवा घाण आहे. पुंगळी गेली पण पुढचं काडतूस उचललंच नाही, स्लाइड रिकाम्या चेंबरवर बंद झाली, तर स्लाइड मॅगझिनच्या मागेपर्यंत पोचलीच नाही. धक्का कमी पडल्याची ही सगळ्यात स्पष्ट खूण. काडतूस नाक खाली करून समोर आपटलं, तर आधी मॅगझिनकडे आणि काडतुसाच्या लांबीकडे बघायचं. स्लाइड पुढे आली पण पूर्ण बसली नाही, दोन मिलिमीटर उघडी राहिली, तर हे वेगळंच दुखणं. तिथे धक्का कमी असण्यापेक्षा काडतूस चेंबरमध्ये नीट मावत नाही किंवा स्प्रिंग फार मऊ आहे ही शक्यता मोठी.

आणखी एक फुकटातली तपासणी, पुंगळ्या कुठे पडतात ते बघा. दोन-तीन मीटरवर उडत असतील तर तब्येत बरी. पायाशी टपकत असतील तर यंत्र धापा टाकतंय. दादाच्या पुंगळ्या त्याच्या बुटात पडत होत्या. एक खरोखरच बुटात पडली, तापलेली, त्याचा व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. मावशी अजून चिडवते.

मग आम्ही चार चौकोन काढले. या सगळ्या भानगडीतली हीच मला सर्वात उपयोगी वाटलेली गोष्ट. कारखान्याची काडतुसं कॉम्पसकट, कारखान्याची कॉम्पशिवाय, घरची कॉम्पसकट, घरची कॉम्पशिवाय. प्रत्येकी वीस. आणखी एक जोड, प्रत्येक चौकोनात काही वेळा मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचं. शेवटचं काडतूस गेलं की स्लाइड मागे अडकून राहायला हवी. राहिली तर ती पूर्ण मागे गेली. नाही राहिली तर धक्का कमी पडला.

निकाल काय आला? कारखान्याची काडतुसं दोन्हीकडे सुरळीत. घरची कॉम्पशिवाय बरी, पण पुंगळ्या जवळ पडतात. घरची कॉम्पसकट, वीसपैकी सात वेळा अडलं. म्हणजे कॉम्प एकटा गुन्हेगार नाही, काडतुसं एकटी नाहीत, दोघांची युती आहे. नुसत्या डोक्याने विचार करत बसलो असतो तर आम्ही आठवडाभर एक्स्ट्रॅक्टर घासत बसलो असतो. व्हॉट्सअॅपवरच्या त्याच्या मित्रांचं तेच म्हणणं होतं.

आता दोन रस्ते. पावडर वाढवा किंवा स्प्रिंग मऊ करा. सगळ्यांचा हात आधी पावडरकडे जातो. माझं मत, आधी स्प्रिंग. स्प्रिंग चुकली तर पिस्तूल अडतं. पावडर चुकली तर पिस्तूल फुटतं. अमेरिकेत काडतुसांची मापं ठरवणाऱ्या संस्थेने 9 मिलिमीटरच्या साध्या काडतुसाला जास्तीत जास्त दाब सांगितलाय 35,000 पीएसआय. तुमच्या बाइकच्या टायरमध्ये तीसेक असतो. एवढा दाब तुमच्या तळहातापासून बोटभर अंतरावर असतो. काडतूस भरण्याच्या छापील पुस्तकातला वरचा आकडा ओलांडायचा नाही, आणि प्रत्येक पायरीला वेग मोजायचं यंत्र लावून बघायचं. 'थोडंसं अजून' याला मापात जागा नाही.

स्प्रिंगचंही एक टोक आहे बरं का. या स्प्रिंगा पौंडात मोजतात. जुन्या .45 च्या 1911 ची मूळची 16 पौंडांची. मऊ स्प्रिंग घातली की स्लाइड आरामात मागे जाते, पण परत येताना तिच्यात जीव राहत नाही. काडतूस उचलून चेंबरमध्ये कोंबायची ताकद त्याच स्प्रिंगची असते ना. शिवाय स्लाइड मागे जोरात आपटते. म्हणून एकदम खाली न जाता पायरीपायरीने उतरायचं. दादाने तीन स्प्रिंगांचं पाकीट मागवलं.

यातच अजून एक चोर सापडला. मऊ स्प्रिंगने अडणं थांबलं, पण आता कधीमधी स्लाइड पूर्ण बसेना. मी म्हटलं, "नळी काढ, हातात धर, तुझं एकेक काडतूस वरून आत टाक." नीट भरलेलं काडतूस टक्कन बसतं, बोटाने गोल फिरतं आणि नळी उलटी केली की आपसूक पडतं. दादाची दहातली तीन अडकत होती. त्याची गोळी जरा लांब बसवली जात होती, आणि पुंगळीची वरची कडा आत वळवायला हवी तेवढी वळत नव्हती. कारखान्याच्या जोरदार स्प्रिंगने ती आजवर रेटून बसवली होती. एक दोष दुसऱ्या दोषाला झाकत होता. मऊ स्प्रिंगने पितळ उघडं पाडलं, शब्दशः.

आता यंत्र बाजूला ठेवून हाताबद्दल बोलतो.

दादाच्या खेळात पिस्तूल अडलं की हात विचार करत नाही. मॅगझिनला खालून थाप, स्लाइड ओढ, पुढे चालू. अर्ध्या-एक सेकंदात. तसंच शिकवतात, घड्याळ चालू असतं. आमच्याकडे बरोबर उलटं. आंतरराष्ट्रीय नियमांच्या 25 मीटर पिस्तूल स्पर्धेत पिस्तूल अडलं तर ते टार्गेटच्या दिशेलाच धरून ठेवायचं, दुसरा हात वर करायचा आणि थांबायचं. अधिकारी येऊन बघणार. दोष यंत्राचा ठरला तर गोळ्या पुन्हा मारायची संधी मिळते. पण तुम्ही त्याआधी स्लाइडला नुसता हात लावलात, सेफ्टी काढायला विसरला होतात, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, किंवा दोष असा होता की तुम्ही आधीच दुरुस्त करू शकला असता, तर संधी नाही. न मारलेल्या गोळ्या शून्य.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा हाच प्रकार, 25 मीटर पिस्तूल. रॅपिडच्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, पुन्हा तीन सेकंद. दर तीन सेकंदांत एकच गोळी. 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला तिचे आणि थायलंडच्या खेळाडूचे 34-34 गुण झाले आणि सोनं शूट-ऑफवर ठरलं. एवढ्या काठावरच्या खेळात एक पुंगळी खिडकीत अडकणं काय महागात पडेल, विचार करा. मनू भाकरला ते टोकियोत भोगावं लागलं. 25 जुलै 2021, 10 मीटर एअर पिस्तूल. त्यात काडतूस नसतं, सायकल वगैरे काही नाही, तरी पिस्तूल मधेच बिघडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली आणि घड्याळ थांबलं नाही. उरलेल्या गोळ्या घाईत मारून 575 झाले, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने याच प्रकारात कांस्य घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

मला लहानपणापासून 'हात वर कर आणि थांब' शिकवलेलं. दादाच्या व्हिडिओत दर दुसऱ्या गोळीला त्याचा हात झपकन स्लाइडवर जाताना बघून मला कसंतरी होत होतं. मी एकदा बोललोही. तो हसला, "अरे, तुमचा खेळ वेगळा."

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी त्याची व्हॉइस नोट आली. आवाज नेहमीसारखा नव्हता. सरावाला गेला होता. चौथी की पाचवी गोळी, नेहमीचा 'ठक्' आला नाही, 'फुस्स' असा आला. स्लाइड हलली नाही. गेले तीन आठवडे अडल्यावर जे करत होता तेच हाताने केलं, थाप मारली, स्लाइड ओढली, नवं काडतूस आत. बोट ट्रिगरवर जाणार तेवढ्यात मागे उभा असलेला रेंजवाला जोरात ओरडला, "स्टॉप!"

नळीत मध्यावर गोळी अडकलेली होती.

याला तिकडे स्क्विब म्हणतात. पुंगळीत पावडर नाही किंवा अगदी नावाला आहे, फक्त प्रायमर पेटला. त्याच्या एवढ्याशा जोराने गोळी पुंगळीतून सुटून नळीत शिरते आणि थांबते. मागून दुसरी गोळी पूर्ण दाबाने आली की तिला जायला वाट नाही. नळी फुगते किंवा फाटते, आणि ते सगळं तुमच्या तोंडासमोर हातभर अंतरावर होतं.

मी हा भाग करायचं कारण हेच आहे. स्क्विबची बाहेरची लक्षणं आणि धक्का कमी पडल्याची लक्षणं बघायला सारखीच. स्लाइड हलत नाही, पुंगळी पडत नाही. ज्याचं पिस्तूल रोज दहा वेळा अडतं, त्याच्या हाताला रोज दहा वेळा 'ओढ आणि पुढे चल'ची सवय लागते. वर सौम्य काडतुसं असली की आवाज तसाही दबका, कानावर मफ. तो एक वेगळा 'फुस्स' ओळखणार कसा? दादाला ऐकू आला होता, त्याने तसं कबूल केलं. पण हात कानापेक्षा पुढे होता.

अशा वेळी काय करायचं ते सांगतो, कारण रेंजवर कुणालाही, कारखान्याच्या काडतुसानेही हे होऊ शकतं. आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की थांबायचं. पिस्तूल टार्गेटच्याच दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. अर्धा मिनिट तसंच धरायचं, कारण कधी कधी पावडर उशिरा पेटते. मग मॅगझिन काढायचं, स्लाइड उघडायची, चेंबर रिकामं आहे याची खात्री करायची, आणि मगच मागच्या बाजूने नळी आरपार तपासायची. उजेड दिसला नाही तर त्या दिवशीचा सराव संपला. आणि हे सगळं रेंजवरच्या अधिकाऱ्याला सांगून, त्याच्या देखत.

त्या पुंगळीत पावडर का नव्हती? दादाचं काडतूस भरायचं यंत्र एका वेळी एक टप्पा करणारं आहे. पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये ओळीने, प्रत्येकीत पावडर, मग प्रत्येकीवर गोळी. मधे त्याचा फोन वाजला. बोलत बोलत बाहेर गेला, परत आला, आणि एक ओळ आधी झालीये असं समजून पुढून सुरुवात केली. पन्नासातल्या तीन पुंगळ्या कोरड्या राहिल्या. उरलेलं अख्खं पाकीट त्याने नंतर काट्यावर तोललं आणि उघडलं, तेव्हा दोन सापडल्या. तिसरी नळीत होती.

तो फोन माझा होता. स्प्रिंग आली का विचारायला केला होता.

उलटी चूक झाली असती तर? झटकन जळणारी पावडर इतकी थोडी लागते की पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी असते. त्यात दुप्पट पावडरही निवांत मावते आणि वरून पटकन कळत नाही. आता दादा ट्रेवर दिवा धरून पन्नासही पुंगळ्यांत डोकावून बघितल्याशिवाय एकही गोळी बसवत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. आणि फोन स्वयंपाकघरात, फ्रीजवर. त्या वेळेत मी मेसेज केला तर दोन-दोन तास निळी टिक येत नाही. मला चालतं.

पिस्तुलाचं शेवटी काय झालं ते राहिलंच. पाकिटातली मधली स्प्रिंग राहिली, सगळ्यात मऊ परत गेली. पुस्तकातल्या खालच्या टोकाला भरत होता तो मधल्या मापावर आला, वेग यंत्रावर मोजून. गोळी थोडी आत बसवली, पुंगळीची कडा नीट वळवली, प्रत्येक पाकिटातली दहा नळीत टाकून बघतो. कॉम्पचे स्क्रू ढिले होत होते तेही घट्ट केले, आणि त्याच्या भिंतींवर साचलेलं शिसं आणि काजळी खरवडली. नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरल्या की कॉम्प असा भरतोच, म्हणून आता वरून लेप दिलेल्या आणल्यात. हे बदल एका वेळी एकच केला, म्हणून महिना गेला.

गेल्या रविवारी दोनशे गोळ्या मारल्या. पुंगळ्या अडीच मीटरवर पडतायत. एकदाच अडलं, काडतूस नाक खाली करून. बाकीच्या मॅगझिननी काही झालं नाही, म्हणजे ते मॅगझिन. त्यावर त्याने चिकटपट्टी लावून तारीख लिहिलीये, पुन्हा अडलं तर स्प्रिंग बदलणार.

आणि हो, अडल्यावर आता तो आधी एक क्षण थांबतो. स्पर्धेत त्याचा वेळ जातो थोडा. मागच्या वेळी नववा आला, आधी सहावा यायचा. मी त्याबद्दल काही बोललो नाही.

लोणावळ्याकडची लोकल आली, आता काही ऐकू येणार नाही. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेतो.